साबणातली लाली

मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, क्ष-किरणांच्या खोलीला वळसा घालून गेलं की एक स्वयंपाकघर होतं. तिथे चार मोठी पातेली होती, लांब दांड्याचा डाव होता, शेगडी होती, फ्रीज होता, आणि दारावर पाटी होती की आत काहीही खाऊ-पिऊ नये. सव्वीस वर्षं तिथे रोज रांधलं जात होतं, पण त्यातला एक घास कधी माणसाच्या पोटात गेला नव्हता. जेवणारे होते रोगजंतू. त्यांना रांधून वाढणारी होती एक ठेंगणी, ठसठशीत, खणखणीत आवाजाची बाई. कागदोपत्री ती प्रयोगशाळेची परिचर, पण कागद वाचतो कोण? सगळं इस्पितळ तिला सुगरण म्हणे.

आता जंतूंचा स्वयंपाक म्हणजे काय, तर समुद्रातल्या शेवाळापासून केलेली आगर नावाची पूड, मांसाचा अर्क, मीठ आणि पाणी. हे सगळं गुठळी न होऊ देता शिजवायचं, काचेच्या चंबूंत भरायचं, चंबू वाफेच्या भांड्यात दाबाखाली ठेवायचे, आणि हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम असताना सपाट काचेच्या बशांत ओतायचं. ओतताना बोलायचं नाही, शिंकायचं नाही, पंखा लावायचा नाही. झाकण उचलायचं तेही एका अंगाने, बोटभर. निवलं की बशीत पिवळसर, आरपार दिसणारा थर धरतो. या बशीला म्हणायचं प्लेट. आजाऱ्याचं रक्त म्हणा, पू म्हणा, त्यातला थेंब प्लेटीवर ओढून उबदार पेटीत ठेवला, की आत दडलेला जंतू दुसऱ्या दिवशी ठिपक्या-ठिपक्यांनी वर येतो. ते ठिपके पाहून डॉक्टर औषध ठरवतात. म्हणजे प्लेट खोटी, तर औषध खोटं. सुगरणीला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं.

तिचा एक नेम होता. दर घाण्यातल्या दोन प्लेटी ती कोऱ्याच उबदार पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका जरी दिसला, तरी अख्खा घाणा टाकून द्यायची आणि वहीत तसं लिहायची. सव्वीस वर्षांत अकरा घाणे टाकले, आणि अकराही का टाकले ते तिला तोंडपाठ. एकदा वाफेच्या भांड्याचं रबर गेलं होतं. एकदा खिडकीची काच फुटली होती. एकदा तर एका बड्या डॉक्टरांनी तिच्या फ्रीजमध्ये, ताज्या प्लेटींच्या डोक्यावर, आपला जेवणाचा डबा ठेवला होता. तिने डबा काढून दाराबाहेर जमिनीवर ठेवला आणि शेजारी चिठ्ठी लावली : हा डबा आजारी आहे, हात लावू नये. डॉक्टर खवळले, वरपर्यंत गेले. वरून विचारणा आली तेव्हा सुगरणीने कळवलं की डब्याचा नमुना प्लेटीवर लावून बघितलाय, डॉक्टरांना हवा असेल तर अहवाल पाठवते. डॉक्टर जे गप्प झाले ते बदली होऊन जाईपर्यंत त्या बाजूला फिरकले नाहीत.

हा तोरा तिने आईच्या पोटातून आणला नव्हता. चार बुकं शिकून ती कामाला लागली तेव्हा प्रयोगशाळेत एक म्हातारे सर होते. त्यांना शिकवण्याची भारी हौस. समोर विद्यार्थी नसला तर ते भांडी घासणाऱ्या बाईला शिकवत. जंतूंना रंग कसा देतात ते त्यांनीच तिला दाखवलं. आधी जांभळा रंग चढवायचा, मग स्पिरिटने धुवायचं. काही जंतू जांभळा रंग धरून बसतात, काही सोडून देतात. सोडणाऱ्यांना मागून गुलाबी देतात. हे गुलाबी झाले ते ग्रॅम-निगेटिव्ह. सूक्ष्मदर्शकाखाली तिने पहिल्यांदा बघितलं, तेव्हा सांडलेल्या कण्या दिसाव्यात तशा गुलाबी कांड्याच कांड्या पडलेल्या. सर म्हणाले, ही सेरॅशिया. हे मोठं घराणं आहे, डझनावर जाती आहेत हिच्यात.

आणि मग त्यांनी त्या घराण्याची अशी काही ओळख करून दिली की जणू सोयरीकच जमवायची आहे. एक जात गारठ्यात रमते, फ्रीजमध्येसुद्धा वाढते. एक झाडांच्या मुळांशी सुखाने राहते. एक गवत खाणाऱ्या अळीच्या पोटात शिरते आणि तिची भूकच मारून टाकते. आणि सगळ्यांत नामांकित ती सेरॅशिया मार्सेसेन्स. ही मोठी नखरेल. गार खोलीत वाढवली तर प्लेटीवर लालभडक ठिपके उठवते, इतके लाल की जुन्या काळी ओल्या कोठारातल्या पावावर ते बघून लोकांना वाटायचं, रक्तच फुटलं. पण अंगाच्या उबेवर, म्हणजे आपल्या उबदार पेटीत वाढवली, की तीच फिक्कट होऊन बसते, कुणाला ओळखूही येत नाही. डॉक्टर मंडळी कित्येक वर्षं हिला निरुपद्रवी समजत. एका डॉक्टराने तर हिच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि रिकाम्या सभागृहात उभं राहून नाटकातली भाषणं ठोकली, फक्त हे बघायला की बोलताना तोंडातले जंतू किती लांब उडतात. लांबच्या बाकांवर ठेवलेल्या प्लेटींवरही लाल ठिपके उगवले. सर हसून हसून सांगायचे, आणि शेवटी बोट उगारायचे, की निरुपद्रवी म्हणतात तिला, पण अशक्त माणूस सापडला की सोडत नाही. सुगरणीने तिचं नाव ठेवलं लाली. सर गेले, नाव राहिलं.

तर त्या वर्षी बाळांच्या खोलीत ताप शिरला. दिवस भरायच्या आत जन्मलेली, वजनाला हलकी अशी बाळं काचेच्या पेट्यांत ठेवलेली असत. एकाच आठवड्यात त्यांतली तीन तापली. रक्त तळमजल्यावर आलं. प्लेटींवर फिक्कट ठिपके आले. नमुने तपासणारा तंत्रज्ञ, ज्याला सगळे चष्मा म्हणत, त्याने तिन्ही वेळा तेच लिहून पाठवलं : बाहेरून पडलेला जंतू असावा, नमुना पुन्हा पाठवा. चष्मा माणूस वाईट नव्हता. रोजच्या दोनशे नमुन्यांखाली दबलेला होता.

वापरलेल्या प्लेटी धुण्याआधी वाफवून जंतू मारावे लागतात. ते कामही सुगरणीचंच. पण त्या शनिवारी वाफेच्या भांड्याचं रबर पुन्हा दगा देऊन गेलं, आणि प्लेटींचा ट्रे झाकून मागच्या गार कोपऱ्यात ठेवून तिला घरी जावं लागलं. सोमवारी तिने झाकण काढलं आणि तशीच उभी राहिली. सगळ्या प्लेटी जशाच्या तशा होत्या, फक्त तीन लालबुंद झाल्या होत्या. तिने पेन्सिलीचे आकडे पडताळले. तिन्ही बाळांच्या खोलीतल्या.

ती प्लेटी घेऊन आधी चष्म्याकडे गेली. त्याने चष्मा कपाळावर ढकलून बघितलं, एक ठिपका रंगवून बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला. मग दोघं साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. अंगात नेहमी कडक इस्त्रीचा कोट आणि टेबलावर नेहमी एखाद्या तपासणीची फाईल. आठवड्याच्या अखेरीस बाहेरची तपासणी समिती येणार होती, म्हणून ते आधीच वैतागले होते. त्यांनी प्लेटी बघितल्या, खुर्चीत मागे रेलले आणि शांतपणे निकाल देऊन टाकला. म्हणाले, लाल जंतू ओलीत असतो, भिंतीवर असतो, पाण्यात असतो. मीडिया रूमची, म्हणजे तुमच्या त्या स्वयंपाकघराची, भिंत ओली आहे. याचा अर्थ घाणाच खराब होता. बाळांच्या रक्तात काही नाही, बाळं दुसऱ्या कशाने तरी तापली असतील. त्यांनी टंकलेखकाकडून एक कागदही करून घेतला : अमुक तारखेच्या प्लेटी तयार करतानाच दूषित झाल्या होत्या, हे मला मान्य आहे. खाली सहीची जागा.

कागद वरवर अगदी साधा होता. पण सुगरणीला त्याच्या पलीकडचं दिसलं. प्लेटी खराब ठरल्या की बाळांच्या खोलीत जंतू नाही असं ठरलं. जंतू नाही ठरला की त्याला शोधणार कोण? लाली जिथे बसली होती तिथेच बसून राहील आणि चौथं बाळ तापेल.

तिने वही आणली. त्या घाण्याच्या दोन्ही कोऱ्या प्लेटी स्वच्छ निघाल्याची नोंद दाखवली. साहेब म्हणाले की वही तुम्हीच लिहिता ना, मग तिला काय अर्थ. एवढं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. सुगरणीने वही मिटली, पदर खोचला आणि सांगितलं, "साहेब, सव्वीस वर्षं ही वही खरी होती. आज समिती येतेय म्हणून ती खोटी होणार असेल, तर मी सही करत नाही."

मंगळवारी कागद पुन्हा आला, शिपायाच्या हातून. तिने तो शेगडीजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवला. दुपारी मेट्रन, म्हणजे साऱ्या परिचारिकांच्या वरच्या बाई, गोड बोलून समजवायला आल्या. सुगरणीने त्यांना स्टूल दिलं, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली, आणि सही दिली नाही. फक्त एकच माणूस तिच्याकडे काही मागायला नाही, तर विचारायला आला. ती होती बाळांची डॉक्टरीण, जागरणाने डोळे सुजलेली पोर. तिने लाल प्लेटी उजेडात धरल्या आणि म्हणाली की सध्या देतोय ते औषध या जंतूवर चालत नाही, म्हणूनच उतार नाही. तिने त्याच दिवशी औषध बदललं. पण जाताना म्हणाली, औषध मी देईन, पण हा जंतू येतो कुठून ते कळलं नाही तर मी रोज एक नवं बाळ हातात घेणार. मला जागा शोधून द्या.

आता इथे घरची गोष्ट सांगायला हवी. सुगरणीची धाकटी जाऊ त्याच इस्पितळात, त्याच बाळांच्या खोलीत आया होती. दोघी एका घरात, एका चुलीवर. थोरली जितकी फटकळ, धाकटी तितकी नेटकी आणि अबोल. तिच्या हाताखाली फरशी अशी चमकायची की मेट्रन दुसऱ्या वॉर्डाच्या आयांना ती बघायला पाठवत. मागच्याच वर्षी काटकसरीबद्दल तिला प्रशस्तिपत्रक मिळालं होतं, आणि तिच्या नवऱ्याने ते बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलं होतं, स्वतःच्या लग्नाच्या फोटोपेक्षा वर.

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली ती हात पदरात लपवून. थोरलीने ओढून बघितले. बोटांच्या पेरांवर कातडं सोलून निघालं होतं. विचारलं तेव्हा कळलं की मेट्रननी हुकूम सोडलाय, बाळांना आयांच्या हातांनी होतंय, तेव्हा आधी वीस वेळा हात धूत होतात तर आता चाळीस वेळा धुवा. धाकटी धूत होती. "जाऊबाई," ती म्हणाली, "जितकं जास्त धुतोय, तितकी बाळं जास्त तापतायत. माझ्या हातालाच काही झालंय का हो?"

थोरलीच्या हातातली कढई हातातच राहिली. चाळीस वेळा धुतलेल्या हातावर जंतू वाढतो, म्हणजे तो हातावर नाही. तो धुण्यात आहे. तिने अगदी सहज, भाजी चिरता चिरता विचारलं की साबण कुठला वापरता.

धाकटीने सांगितलं, आणि तेही अभिमानाने. हिरवा पातळ साबण भांडारातून मोठ्या कॅनमध्ये येतो. खोलीत बेसिनजवळ चार बाटल्या आहेत. बाटली निम्मी झाली की ती वरून साबण ओतते, थोडं पाणी घालून सारखं करते. बाटली कधी रिकामी होऊ देत नाही, धुवत नाही, कारण धुतली तर तळाशी चिकटलेला साबण वाया जातो. चार वर्षांत एक थेंब सांडला नाही. प्रशस्तिपत्रक त्याचंच तर होतं.

चार वर्षं त्याच बाटल्या. वर नवा साबण, खाली जुना, मधे नळाचं पाणी. थोरलीला सरांचं सगळं घराणं आठवलं, आणि लाली त्या हिरव्या साबणात पाय पसरून बसलेली दिसली. साबणात जंतू मरतो असं जगाला वाटतं. पण पाणी घालून पातळ केलेल्या, वर्षानुवर्षं न धुतलेल्या साबणात हा जंतू मरत नाही, वस्ती करतो. तिने धाकटीला सांगितलं. आडपडदा न ठेवता, एका दमात सांगितलं, आणि तिथेच चुकलं.

धाकटी तिथून उठली. तिला त्यातलं एकच ऐकू गेलं, की तीन बाळांना ताप तिच्या हातून लागला. तिने विचारलं, की तुमच्या प्लेटी स्वच्छ ठराव्यात म्हणून माझ्या बाटल्या घाण ठरवणार का. त्या रात्रीपासून घरात दोघींचं बोलणं घरच्या कुलूपवाल्यामार्फत चाललं. कुलूपवाला म्हणजे सुगरणीचा नवरा, कोपऱ्यावर किल्ल्या करून द्यायचा. एकीने म्हणायचं, त्यांना सांगा आंघोळीचं पाणी तापलंय. त्याने ते शेजारच्या खोलीत जाऊन सांगायचं. पहाटे तो कंटाळला आणि म्हणाला, आयुष्यभर अडकलेली कुलुपं उघडली, पण एकाच घरात दोन बसली तर माणसाने करायचं काय? कुणी हसलं नाही. पण त्याने बायकोला बाजूला घेऊन विचारलं की सही केलीस तर काय बिघडेल. ती म्हणाली, माझं काही बिघडणार नाही. तिचंही नाही. बाळांचं बिघडेल.

बुधवारी सकाळी सुगरण नेहमीपेक्षा तासभर लवकर गेली. तिने नवा घाणा ओतला. ती ओतत असताना दार वाजलं. बाहेर धाकटी उभी होती, कामाच्या कपड्यांत, आणि हातात एक हिरवी बाटली. तिने बाटली ओट्यावर ठेवली आणि स्वतःचा सोललेला उजवा हात पुढे केला. "लावा माझा हात," ती म्हणाली. "आधी न धुता लावा, मग याच साबणाने धुऊन लावा. माझ्यातून येत असेल तर माझं नाव घ्या. यातून येत असेल तर याचं घ्या. पण मोघम काही नको."

थोरलीने प्लेटी मांडल्या. पहिलीवर धाकटीने न धुतलेली पाच बोटं टेकवली. मग साबणाने हात धुतला, झटकला, आणि दुसरीवर टेकवली. तिसरीवर बाटलीतला साबण. चौथीवर भांडारातून आणलेल्या सीलबंद कॅनमधला साबण. पाचवीवर नुसतं नळाचं पाणी. शेवटच्या दोन कोऱ्या, साक्षीला. आणि उबदार पेटीत नाही, मागच्या गार कोपऱ्यात ठेवल्या, लालीला नटायला जागा मिळावी म्हणून.

शुक्रवारी समिती यायच्या आधी साहेबांनी बैठक बोलावली. साहेब, मेट्रन, बाळांची डॉक्टरीण, कोपऱ्यात चष्मा. सुगरण ट्रे आणि ती हिरवी बाटली घेऊनच आत गेली. साहेबांनी आधी तिला विचारलं की परिचराने चाचणी करायचा अधिकार तिला कुणी दिला. ती म्हणाली, मी चाचणी केली नाही, प्लेटी मांडल्या. वाचायच्या तुम्ही. आणि तिने झाकणं काढली.

न धुतलेल्या हाताच्या प्लेटीवर पिवळे-पांढरे दोन-चार साधे ठिपके, सगळ्यांच्या हातावर असतात तसे. धुतलेल्या हाताच्या प्लेटीवर पाच बोटं उमटली होती, पाचही लाल. बाटलीतल्या साबणाची प्लेट तर काठापासून काठापर्यंत लाल झाली होती. सीलबंद साबण स्वच्छ. नळाच्या पाण्यात किरकोळ पांढरं काही, लाल नाही. दोन्ही कोऱ्या प्लेटी कोऱ्या.

त्या पाच लाल बोटांकडे बघायचं सोडून साहेबांनी जे विचारलं ते असं, की या बाटल्या भरतं कोण. मेट्रन तोंड उघडणार इतक्यात सुगरण म्हणाली, ज्याने भरल्या त्याने हुकमाप्रमाणे भरल्या, तुम्ही साबणाचं बघा. साहेब म्हणाले नाव सांगा. ती म्हणाली, नाव सेरॅशिया मार्सेसेन्स.

मग दार उघडून धाकटी आत आली. बैठकीला तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आयुष्यात कधी साहेबांच्या खोलीत गेली नव्हती. तिच्या एका हातात उरलेल्या तीन बाटल्या होत्या आणि दुसऱ्या हातात बाळांच्या खोलीच्या भिंतीवरून काढून आणलेली चौकट, जिच्यात लिहिलं होतं : शिल्लक साबण टाकू नये, बाटलीत भर घालावी. खाली मेट्रनची सही आणि साहेबांचा शिक्का. तिने दोन्ही टेबलावर ठेवलं. "मी भरते," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसं, चार वर्षं, एक दिवस न चुकता. मला माहीत नव्हतं, आता आहे. तुम्हालाही आता आहे. आज मी या बाटल्या परत खोलीत नेणार नाही, काय करायचं ते करा."

डॉक्टरीण उठली, चारही बाटल्या उचलल्या आणि चष्म्याला म्हणाली, यांच्यावर खूण कर आणि कुलपात ठेव. दुपारपर्यंत बाळांच्या खोलीत नवा साबण आला, सीलबंद, लहान बाटल्यांत, संपली की फेकायच्या. तापलेल्या तिघांपैकी दोघांचा ताप नव्या औषधाने आधीच उतरणीला लागला होता. तिसरं, सर्वांत लहान, अजून झुंजत होतं. त्याचं काय होईल ते त्या दिवशी कुणालाच सांगता येत नव्हतं.

इथे गोष्ट संपली असं वाटेल. पण अशा गोष्टींत खरी खोच शेवटी असते. बैठक उठली आणि साहेबांनी सुगरणीला थांबवून घेतलं. आता त्यांचा आवाज मऊ होता. ते म्हणाले, साबण बदलतोच आहोत, तुमच्या जाऊबाईंना कुणी काही म्हणणार नाही, मी शब्द देतो. पण समितीपुढे सगळं खापर साबणावर, म्हणजे आमच्या हुकमावर फुटतं. तेव्हा दोन्ही लिहू. थोडा साबण, थोड्या प्लेटी. तुम्हाला शिक्षा नाही, नोंद नाही, फक्त सही. दारात उभी असलेली डॉक्टरीणही थकून म्हणाली, मावशी, बाळांपुरतं काम झालंय, करून टाका. चष्मा जमिनीकडे बघत होता. धाकटीच्या डोळ्यांतही तेच होतं, की सुटतंय तर सुटू द्या.

सुगरणीने कागद वाचला. पहिल्यापेक्षा शब्द गुळगुळीत होते. "प्लेटी काही अंशी दूषित असण्याची शक्यता." तिने तो टेबलावर सरळ ठेवला, साहेबांच्या बाजूला वळवून.

"साहेब, आज हे लिहिलं, तर उद्या या खोलीतून जी प्लेट वर जाईल तिच्यावर कुणी विश्वास का ठेवायचा? पुढच्या वेळी लाल दिसलं की तुम्ही म्हणाल, हिच्या प्लेटी काही अंशी खराब असतातच. ते बाळ कुणाचं असेल ते मला माहीत नाही. पण त्याच्यासाठी मी सही करत नाही."

"मग मी समितीला काय लिहून देऊ?"

"जे उगवलं ते."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. बाहेर जिन्यावर समितीच्या बुटांचा आवाज यायला लागला होता. मग त्यांनी तो कागद चुरगळला, नवा ओढला आणि लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ जंतूच्या नावाची होती. स्पेलिंगला अडले तेव्हा त्यांनी मान न उचलता चष्म्याला विचारलं, आणि चष्म्याने एकेक अक्षर सांगितलं.

सुगरणीने झाकणं लावून प्लेटी ट्रेमध्ये रचायला घेतल्या. साहेबांनी लिहिता लिहिता तिला हटकलं, की राहू द्या, समितीला दाखवायच्या आहेत. ती म्हणाली, दाखवा, पण दुपारी दोनच्या आत परत पाठवा. वाफवून, धुऊन, उद्याच्या घाण्याला लागतील.